कागदावर पाय

लग्नाकार्यात बायका एकमेकींच्या गळ्याकडे बघतात, मी पायांकडे बघते. मांडवात तीन तास उभी असलेली नवरीची आई टाचांवरून बोटांवर आणि बोटांवरून टाचांवर वजन ढकलू लागली, की मी तिच्यासाठी खुर्ची शोधायला निघते आणि माझी माणसं मला ओळखत नसल्यासारखी दुसरीकडे बघू लागतात. माझी लेक औषधांच्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते. तिला फोन केला की 'जेवलीस का' याच्याआधी माझ्या तोंडून 'दुपारी मोजे बदललेस का' हे निघतं. ती म्हणते, लोकांच्या आया मुलींना स्थळं पाठवतात, तू मोज्यांचे फोटो पाठवते. खरं आहे. शिवाय माझ्या स्वतःच्या पायांत सध्या ज्या चपला आहेत त्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या आहेत आणि दिसायला थेट दोन पावांसारख्या आहेत, तेव्हा त्या घालून मी दुसऱ्यांच्या पायांवर प्रवचन द्यावं हे जरा अतीच. पण हे खूळ माझ्या डोक्यात कुठून शिरलं ते एकदा लिहून ठेवते. वाचून लेक मोजे बदलेल अशी आशा नाही. बापाने काढलेलं माप एका मुलीला किती महागात पडलं आणि नंतर किती कामाला आलं, एवढं तिला कळलं तरी पुरे.

तेव्हा आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत दोन खोल्यांत राहत होतो, बाबा, आई आणि मी. बाबा एका छापखान्यात खिळे जुळवायचे. हे आता समजावून सांगावं लागतं. शिशाची उलटी अक्षरं लहान लहान खणांत ठेवलेली असत आणि त्या तिरप्या मांडणीसमोर उभं राहून एकेक अक्षर उचलून ओळ बसवावी लागे. बसून ते काम होत नसे, हात लांबच्या खणांपर्यंत पोचत नसे. मी शाळेत असताना कधीकधी डबा द्यायला जायची. आत पाऊल टाकलं की शाईचा आणि रॉकेलचा वास, मागच्या खोलीतल्या यंत्राची खडखड, आणि मांडणीसमोर बाबांची पाठ. त्यांच्या पायाखाली घडी घातलेलं पोतं असे आणि शेजारी एक वीट. कधी डावा पाय विटेवर, कधी उजवा. मी विचारलं होतं, वीट कशाला? ते म्हणाले, एक पाय वर घेतला की कंबर भांडत नाही. मला ते फार आवडलं. घरी येऊन मी पाटाच्या कडेवर एक पाय ठेवून उभ्याने अभ्यास करून पाहिला. कंबर भांडली की नाही ते आठवत नाही, पण पाट उलटला आणि आईच्या दाण्यांच्या ताटात मी पडले ते नीट आठवतं. चौकसपणा माझ्यात पहिल्यापासून होता, अक्कल मागाहून थोडीथोडी आली.

आमच्या घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान कागदाचा होता. बाबा छापखान्यातल्या कापणीतले उरलेले कोरे कागद आणत आणि कपाटावर रचून ठेवत. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ते आधी वाचत, मग घडी घालून ठेवत. चुकून कोणाचा पाय वर्तमानपत्राला लागला की तिथल्या तिथे वाकून हात लावून तो कपाळाला लावायचा, ही शिस्त सगळ्यांच्याच घरी असते. आमच्याकडे ती जरा जास्त होती. जेवायला बसताना खाली कागद अंथरणारे लोक बाबांना गुन्हेगार वाटत. आईचं म्हणणं असं, की हा माणूस आयुष्यभर अक्षरांसमोर उभा आहे, कागदावर पाय पडला तर उद्या हातून अक्षर सटकेल. आई स्वतः फक्त चौथीपर्यंत शिकलेली, पण कागदाच्या बाबतीत बाबांपेक्षा कडक.

बारावीनंतर मी वर्षभर घरी होते. शिवण शिकून पाहिलं, पण मास्तरीणबाईंनी दोन महिन्यांत प्रेमाने सुचवलं की तुझा हात दुसऱ्या कशात बसेल. मग शेजारच्या एका बाईंकडून कळलं की हिंगण्याच्या एका कारखान्यात मुली घेतात. दिव्यांचे होल्डर तपासायचे आणि खोक्यात भरायचे, पहिली पाळी, न्यायला-आणायला कंपनीची बस. मला त्यात पगारापेक्षा बसचं आकर्षण जास्त होतं. सकाळी सहाला चौकात उभं राहायचं, आपल्यासाठी म्हणून एक बस येऊन थांबायची, याच्याहून मोठं काय असतं? इकडे मामांनी नरखेडकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. संत्र्याची बाग, विहिरीला बारमाही पाणी, मुलगा दिसायला बरा. आईला ते पसंत होतं. बाबांना कामही नको होतं आणि स्थळाचीही घाई नव्हती. त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मला समोर उभं करून म्हणाले, "पाह्य बेबी, उभ्यानं काम करणं काय असते ते मले माहीत आहे. तीन महिने करून पाह्य. पण ज्या दिवशी पाय दुखतात म्हणशील, त्या दिवशी काम बंद. मंग मामाच्या स्थळाले हो म्हणायचं."

मी लगेच हो म्हणाले. एकोणीस वर्षांच्या मुलीला पाय असतात हेच मुळात माहीत नसतं.

कारखान्यात जमिनीवर पितळेचा बारीक कीस पडलेला असे, म्हणून बूट सक्तीचे होते. बुटांची मागणी आधी नोंदवावी लागे, मग आठ दिवसांनी ते येत. अर्जात एक रकाना होता: बुटाचा नंबर. आमच्या घरात कोणालाच आपला नंबर माहीत नव्हता. चपला आम्ही घालून बघून घेत असू, आणि बूट बाबांनी लग्नात घातले होते ते शेवटचे. स्टोअर सांभाळणारे मधुकरराव म्हणाले, कागदावर पायाची आकृती काढून आणा, मी बूट ठेवून बघतो. आकृती पाठवून चपला शिवून घेणं हे आमच्याकडे नवीन नव्हतं. गावाकडचे लोक एसटीच्या कंडक्टरच्या हाती असे पाय पाठवत. पण ते पाय मातीत आखलेले, काडीने मोजलेले. कागदावर पाय ठेवायची वेळ आमच्या घरावर पहिल्यांदाच आली होती.

बाबांनी त्यावर जो तोडगा काढला तो त्यांनाच सुचू शकतो. चांगलं काम सकाळी करावं म्हणून त्यांनी मला सकाळी आंघोळ झाल्याबरोबर बोलावलं. खाटेच्या कडेवर बसवलं. कागद एका पाटीला चिमट्याने लावला, ती पाटी हातात उभी धरली आणि माझ्या तळव्याला हलकेच टेकवली, डॉक्टर छातीला नळी लावतात तशी. म्हणजे पाय कागदावर पडला नाही, कागदच पायाकडे आला. आईला हे पटलं. बापाने मुलीच्या पायाला हात लावायचा म्हणून मी लाजेने पाय आखडून घेत होते आणि बाबा बारीक टोक केलेली शिसपेन्सिल बोटांभोवती फिरवत होते. मला गुदगुल्या होत होत्या. आकृती मात्र सुंदर आली, एखाद्या देवीच्या पावलासारखी. बाबांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, खाली छापल्यासारख्या अक्षरात 'माप बरोबर आहे' असं लिहिलं आणि सही ठोकली. छापखान्यात मजकूर तपासून झाला की ते असंच करत.

बूट आले ते चार नंबरचे. काळे, नाकाशी कडक, आत कापडाचा वास. सकाळी साडेसहाला बसमध्ये ते असे बसत की वाटे, माझ्यासाठीच जन्मले आहेत. नऊ वाजेपर्यंत आमची मैत्री टिके. दहाला डाव्या पायाची करंगळी कुरकुर करू लागे. बारानंतर दोन्ही पाय बुटांत न राहता बूटच पायांत शिरल्यासारखे वाटत. समोर पट्ट्यावरून होल्डर येत, एकेक उचलायचा, खटका दाबून टक आवाज येतो का ऐकायचा, आला तर खोक्यात, नाही तर टोपलीत. साडेतीनपर्यंत अशी हजारो टकटक. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याचं नख निळं झालं, मग काळं. टाचेवर फोड आला, फुटला, पुन्हा आला. आणि घरी हे कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की नरखेड.

संध्याकाळी मी दारात शिरले की बाबा पेपरमधून मान वर न काढता विचारत, "पाय?" मी म्हणे, "मजेत." मग त्यांच्यासमोरून आतल्या खोलीपर्यंतची आठ पावलं मी अशी टाकत असे की नाटकात काम करणाऱ्या बाईनेही शिकावं. आत गेल्यावर दाराआड भिंतीला धरून एका पायावर उभी राहत असे. आईने वांग्याची भाजी आणि गरम भाकरी पुढ्यात ठेवली की मी मांडीखाली पाय दडवून जेवत असे. तेल लावू का विचारलं की नको म्हणत असे, कारण तेल लावायला पाय बाहेर काढावा लागतो. आता वाटतं, आईला कळलं असणार. आयांना कळतंच. पण तिला स्थळ पसंत होतं, ती वाट बघत असेल.

मला खरं शिकवलं ते मंदाताईंनी. त्या माझ्या शेजारी उभ्या राहत, बारा वर्षं त्याच पट्ट्यावर होत्या, बांधा आडवा, आवाज करवतीसारखा. पहिल्याच आठवड्यात माझ्या गुडघ्याच्या मागे त्यांनी हलकेच टपली मारली आणि मी खाली बसायच्या बेतात आले. "गुडघ्याले कुलूप लावून उभी राहते काहून वं? ढिला ठेव जरा. चक्कर येऊन पट्ट्यावर पडशील अन् तुलेच खोक्यात भरून टाकतील." गुडघे ताठ ठेवले की रक्त पायातच बसून राहतं, हे पुढे एका डॉक्टरने मला मोठ्या शब्दांत सांगितलं, पण मंदाताईंची टपली जास्त समजली होती. त्या डब्याच्या पिशवीत मोज्यांची दुसरी जोडी आणत आणि दुपारी बदलत. ओल्या मोज्यात पाय कुजतो म्हणत. बोटांमधली जागा कोरडी पुसायची, नखं सरळ कापायची, कोपरे खोल कोरायचे नाहीत. आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन झाला की विश्रांतीच्या खोलीत आम्ही दहाजणी जमिनीवर उताण्या पडून पाय भिंतीला वर टेकवत असू. साड्या नीट खोचून, ओळीने. भिंतीवर वीस पाय. मी तिथे पडल्या पडल्या ते वीस पाय बघत असे. काही लांब, काही पसरट, एकीचं दुसरं बोट अंगठ्याहून मोठं, एकीच्या पिंढरीवर निळ्या शिरांची जाळी. प्रत्येकीच्या पायावर तिच्या चपलेचा पट्टा गोंदल्यासारखा उमटलेला. चेहऱ्यावरून वय चोरता येतं, पायावरून नाही, हे मला त्या भिंतीने शिकवलं.

माझं दुखणं त्यांना दिसत होतंच. त्यांनी टाचेला कापूस लावून दिला आणि विचारलं, माप कोणी घेतलं होतं? मी अभिमानाने बाबांची पाटीची युक्ती सांगितली. त्या म्हणाल्या, तुझा बाप हुशार आहे, पण तू काय बसून काम करतेस?

हे वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं शिरलं. बसलेला पाय आणि उभा पाय वेगळा असतो का? सकाळचा आणि संध्याकाळचा? मग मी शोध लावायला बसले. शिवणाच्या डब्यात दोरे होतेच, तेवढाच त्या शिक्षणाचा उपयोग झाला. सकाळी उठल्यावर पायाच्या सगळ्यात रुंद भागाभोवती लाल दोरा गुंडाळून गाठ मारायची. संध्याकाळी घरी आल्यावर पांढरा. दोन्ही सोडवून शेजारी ठेवायचे. पहिल्याच दिवशी पांढरा दोरा चांगला अर्ध्या बोटाने लांब निघाला. मी हबकले. मला वाटलं, मला हत्तीपाय होणार. आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याला तो होता. दोन दिवस मी त्यांच्या पायाकडे आपल्या भविष्याकडे बघावं तशी बघत होते. मग मंदाताईंना विनवून त्यांचा पाय मोजला, पाळी सुरू व्हायच्या आधी आणि सुटताना. त्यांचाही वाढला होता. मग बाकीच्यांचा. कोणाचा थोडा, कोणाचा जास्त, पण वाढलेला सगळ्यांचा. बायका हसत होत्या, म्हणत होत्या, ही पोरगी आमचे पाय मोजून कोणाले विकून राहिली? सकाळी न्हाणीतून ओल्या पायाने बाहेर येताना मी आणखी एक पाहिलं. उंबऱ्यावर बसून पाय फरशीवर टेकवला तर ठसा बारीक उमटे. उभी राहिले की तोच ठसा बाहेर पसरे, पिठाचा गोळा दाबावा तसा. म्हणजे बाबांनी सकाळचा, बसलेला, अधांतरी पाय मापला होता. तो पाय माझाच होता, फक्त कामावर जाणारा नव्हता.

शोध लावला, पण त्याचं करायचं काय? दुपारनंतर मी बुटांची मागची बाजू चेपून टाचा बाहेर काढून उभी राहू लागले होते. फोरमन साहेबांनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. दुसऱ्या वेळी म्हणाले, हे बूट आहेत, स्लीपर नाहीत, तुमच्या टाचेत पितळ घुसलं तर मी जबाबदार. शनिवारी मोठे साहेब फेरी मारणार होते. त्या दिवशी टाच बाहेर दिसली तर सोमवारपासून यायचं नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी मधुकररावांकडे गेले. त्यांनी फाइल उघडली. माझा पाय तिथे टाचून ठेवलेला होता, देवीच्या पावलासारखा, खाली बाबांची सही. ते म्हणाले, वर्षभर बूट बदलून मिळत नाहीत, आणि माप तर तुमच्याच वडिलांनी बरोबर म्हणून लिहून दिलं आहे. त्यांनीच चुकलं म्हणून लिहून दिलं तर बघू.

म्हणजे बाबांना सांगितलं तर काम बंद, न सांगितलं तर शनिवारी काम बंद. गुरुवार होता. मी बसमध्ये खिडकीशी बसून पूर्ण रस्ता एकच ठरवत होते, की दुखण्याचं नाव न काढता बाबांना कसं विचारावं. आजही मला अवघड गोष्ट सरळ बोलता येत नाही, मी आधी काहीतरी मोजून दाखवते.

बाबा चहा पिऊन खाटेवर बसले होते, आई मेथी निवडत होती. मी दोऱ्यांचा डबा आणला आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "बाबा, माणसाचा पाय संध्याकाळी मोठा होते का?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. आयुष्यभर केसाएवढ्या जागा मोजणारा माणूस तो, दोरे बघून त्यांचे डोळे चमकले. कोणाचे कोणते, किती वाजता मोजले, गाठ कोणत्या बाजूला मारली, सगळं विचारून घेतलं. मंदाताईंची जोडी वेगळी ठेवली, बाकीच्यांच्या वेगळ्या, माझ्या नऊ दिवसांच्या नऊ जोड्या खाटेच्या काठावर ओळीने लावल्या. मग स्वतःचा पाय पुढे करून म्हणाले, मोज. मी मोजला. आम्ही दोघं त्या दोऱ्यावर असे वाकलो होतो की आईने विचारलं, मेथीत काही पडलं का? बराच वेळ ते लाल आणि पांढऱ्या दोऱ्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची मजा हळूहळू उतरताना मला दिसली.

"अन् मी सकाळी माप घेतलं," ते म्हणाले. "बसवून."

मी दोरे गोळा करू लागले.

"पाय दाखव."

मी पाय परकराखाली ओढून घेतले. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आवाज न चढवता. मी पाय पुढे केले. आई उठून जवळ आली. काळं नख, टाचेचा चिकटलेला कापूस, करंगळीवरची सोललेली कातडी. "बाप्पा, हे काय करून ठेवलं वं," आई म्हणाली आणि खालीच बसली. मी त्या पायांकडे बघत, सगळ्या जगाच्या समोर खोटं बोलले. म्हणाले, "दुखत नाहीत."

"काहून खोटं बोलते?"

"खरं बोलली तं काम बंद होते नं."

बाबा यावर रागावतील असं मला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी आपला पाय खाटेखालच्या सँडलमध्ये घातला, पट्टा लावायचा प्रयत्न केला, तो संध्याकाळी लागत नसे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तो तसाच सोडून ते म्हणाले, "मले तीस वर्षं झाले दुखून राहिले. मी कोणाजवळ बोललो?"

"मले माहीत आहे," आई म्हणाली. "झोपेत पाय आपटता तुम्ही. मी उठून दाबून देते. तुमाले कुठं कळते."

बाबा आईकडे असे बघत होते जसं घरातल्याच कपाटात त्यांना एक न उघडलेला खण सापडला आहे. नंतर ते उठले, कपाटावरच्या गठ्ठ्यातून एक मोठा कोरा कागद काढला आणि जमिनीवर अंथरला. चारही कोपरे हाताने सारखे केले. आईच्या लक्षात आलं तशी ती म्हणाली, कागदावर पाय ठेवते का कोणी? बाबा वाकले, कागदाला हात लावला, तो कपाळाला लावला.

"कोरा आहे अजून. काही छापलं नाही त्याच्यावर. ये बेबी, उभी राहा."

मी उभी राहिले. पायाखाली कागद कुरकुरला आणि माझ्या अंगावर काटा आला, देवळात चपला घालून शिरल्यासारखा. बाबा गुडघ्यांवर बसले आणि पेन्सिल फिरवू लागले. मला वरून त्यांचा टाळूवरचा विरळ झालेला भाग दिसत होता. इतका जवळून, इतका वरून मी तो कधी पाहिला नव्हता. मी अर्धवट अंग चोरून उभी होते तर म्हणाले, सगळं वजन दे, कागद फाटत नाही. या वेळी आकृती देवीसारखी अजिबात आली नाही. पसरट, बोटं फाकलेली, एका बाजूला फुगलेली. मधुकररावांच्या फाइलमधली आकृती जवळ नव्हती, पण बाबांच्या बोटांना ती आठवत होती. त्यांनी नव्या आकृतीच्या आत हलक्या हाताने जुनी काढून दाखवली. दोन रेघांच्या मधली जागा करंगळीपाशी सगळ्यात जास्त होती. ओळीत एक अक्षर जास्तीचं दडपलं की साचा बंद होत नाही, असं ते म्हणाले, आणि जोर केला तर अक्षर फुटतं. मग खाली लिहिलं, 'पहिले माप चुकले. चूक माझी.' सही केली. कामाचं पुढे काय, याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त म्हणाले, उद्या मी येतो संग.

शुक्रवारी ते कंपनीच्या बसमध्ये चढले. ड्रायव्हरने काही म्हटलं नाही, बायकांनी सरकून जागा केली, पण बाबा गुंडाळलेला कागद छातीशी धरून हिंगण्यापर्यंत उभेच राहिले. मला कळत नव्हतं, की ते माझे बूट बदलायला निघालेत की माझा हिशेब संपवून मला घरी न्यायला. विचारायची हिंमत नव्हती. फाटकाशी चौकीदाराने त्यांना अडवलं, स्टोअर आठनंतर उघडतं म्हणून सांगितलं. मी आत गेले आणि ते बाहेर राहिले. त्या दिवशी मी किती होल्डर टकटक केले ते माहीत नाही. एखादा न वाजलेलाही खोक्यात गेला असेल. कोणाच्या घरी दिवा लागला नसेल तर त्याची माफी आता मागते.

दहाच्या सुट्टीत मला फाटकावर बोलावणं आलं. जाऊन बघते तर मधुकरराव एका पायातला बूट काढून, सपाट धोंड्यावर पसरलेल्या दुसऱ्या एका कागदावर उभे होते आणि बाबा गुडघ्यांवर बसून त्यांच्या पायाभोवती पेन्सिल फिरवत होते. मधुकररावांचंही दिवसभराचं काम उभ्याचंच, त्यांनाही वर्षानुवर्षं वाटत होतं की आपले बूट दुपारी आटतात. बाजूला एक जोडी ठेवली होती. बायकांच्यात मोठा नंबर नव्हता, पुरुषांच्या खोक्यातला पाच नंबर त्यांनी काढला होता, पुढून रुंद. बाबांनी मला तिथेच, चौकीदार आणि दोन ट्रकवाल्यांसमोर, मोजे घालून बूट घालायला लावले. बसून नाही, उभ्याने. अंगठ्याच्या पुढे आपल्या अंगठ्याने दाबून पाहिलं, टाचेमागे बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, चाल. मी कडुलिंबापर्यंत जाऊन आले. पुन्हा चाल, म्हणाले. मी पुन्हा गेले. करंगळीने काही म्हटलं नाही.

"आता दुखले तं सांगजो," बाबा म्हणाले.

"सांगितलं की काम बंद?"

त्यांनी पेन्सिल खिशाला लावली. "नाही. सांगजो. म्हणजे बूट पाहू."

भोंगा झाला. मी आत जायला वळले आणि मग एकदा मागे बघितलं. बाबा गेले नव्हते. फाटकासमोरच्या नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर ते बसले होते, भर उन्हात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, दोन्ही सँडल काढून शेजारी ठेवलेल्या, आणि डावा पाय मांडीवर घेऊन दोन्ही अंगठ्यांनी तळवा चोळत होते.